पिंपाचं झाकण

सेमारांग,
३ फेब्रुवारी

चि. विबोवो यास,
वुर्यानीताईचे अनेक आशीर्वाद.

तुझ्या लेकीचं, वेनिंगचं, बाळ रात्रभर रडतं असं तू लिहिलंस. तान्ह्या बाळानं दुसरं काय करायचं? वेनिंगला सांग, दवाखान्यात सगळ्या बेटाला तपासतेस, तसं स्वतःच्या ताटाकडेही बघ. जावई जहाजावरून परतेपर्यंत तू तिथंच राहा. इथली काळजी करू नकोस असं लिहिणार होते, पण खोटं कशाला लिहू?

तुझ्या घरातल्या प्रवाळांच्या टाकीनं माझी झोप घेतली आहे. जन्मभर वर्ग सांभाळले. पोरं निदान तोंडानं सांगतात काय दुखतंय ते. हे तुझे प्रवाळ मुके. सकाळी फुललेले, दुपारी मिटलेले. का, ते विचारायचं कुणाला? पाण्याचा खारटपणा रोज मोजते. वीज दोनदा गेली. बॅटरीवरचा पंप सुरू होईपर्यंत मीच श्वास रोखून उभी होते. केशरी माशांची जोडी मात्र निर्लज्ज आहे. काच पुसायला हात घातला की चावते.

टाकीतलं पाणी उडून जातं, त्याच्या जागी घालायचं गोडं पाणी तुझ्या गाळणीतून पिंपात साठतं, ते ठीक. पिंपाचं झाकण मात्र मी काढून ठेवलंय. झाकलेलं पाणी कोंदतं, उघडं ठेवलं की निवळतं. आई आयुष्यभर असंच करायची आणि आपण कुणी मेलो नाही.

गल्लीत डेंगी आला आहे. कोपऱ्यावरच्या घरातला मुलगा इस्पितळात आहे. पाक जुमादी नावाचेच गल्लीप्रमुख, शेवटी मीच सगळ्यांना बोलावलं. २१ तारखेच्या रविवारी डासांसाठी धूरफवारणी ठरली आहे. एकही घर सुटता कामा नये, असं मी वदवून घेतलं. तुझे शेजारी पाक तुकिरान म्हणाले, आमच्याकडे नको, माझी गाणारी पाखरं मरतील. मी सगळ्यांसमोर विचारलं, पाखरू मोठं की पोरगं?

बाळाला पापा. पत्र बोटीवर वेळेत टाकत जा.
तुझी,
वुर्यानीताई


बेटावरून,
१२ फेब्रुवारी

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र आत्ताच्या बोटीनं आलं. ती परत निघायच्या आत हे लिहितोय, अक्षर सांभाळून घे. इथं फोन लागत नाही याचं एरवी सुख वाटतं. आज डोकं आपटावंसं वाटलं.

ताई, धूर घरात येऊ देऊ नकोस. डास मारणारं औषध प्रवाळही मारतं, कोळंब्या तर सगळ्यांत आधी. आपल्या भिंतींना वर जाळ्या आहेत, ती खोली कधीच पुरती बंद होत नाही. पाणी शुद्ध करणारं यंत्र हवा ओढतं. हवेबरोबर धूर पाण्यात जाईल. नखाएवढे तुकडे आणून मी हे वाढवलंय. निवृत्त झाल्यावर लोक विचारायचे, आता काय करता? तेव्हा दाखवायला माझ्याकडे तेवढंच होतं. पाक जुमादींना सांग, हे एक घर सोडा. तुझा शब्द ते मोडणार नाहीत.

अगदीच नाइलाज झाला तर धूर येण्याआधी ते यंत्र बंद कर. टाकी प्लास्टिकनं झाक, पण तासभरच, नाहीतर मासे गुदमरतील. नंतर कोळशाची पिशवी पाण्यात सोड आणि साठवलेलं खारं पाणी घालून निम्मं पाणी बदल. पण ती वेळ आणू नकोस.

आणि पिंपावर झाकण घाल. हे वाचशील त्या क्षणी.

वेनिंगचा नमस्कार. तुझ्या टोमण्यानंतर ती दोन वेळा जेवते आहे.
जीव टांगणीला लागलेला तुझा,
विबोवो


सेमारांग,
२० फेब्रुवारी

चि. विबोवो यास,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र गुरुवारी मिळालं. धूर उद्या आहे. हे पत्र तुझ्या हाती पडेल तेव्हा जे व्हायचं ते होऊन गेलेलं असेल, म्हणून सरळ लिहिते.

पत्र वाचलं आणि आधी पिंपावर झाकण घातलं. आत डोकावले नाही. तशीच पाक जुमादींकडे गेले. ते लगेच म्हणाले, बाई, तुम्ही म्हणाल तसं, तुमचं घर वगळू. इतकं सोपं झालं की माझी मलाच शरम वाटली. बाहेर पाक तुकिरान उभे होते. सगळी गल्ली तयार झाल्यावर त्यांनी मुकाट्यानं पिंजरे उंगारानला मेहुण्याकडे पोचवले होते. म्हणाले, बाई, आमची पाखरं गावाला गेली, तुमचे दगड कधी निघतायत? दोघीतिघी तोंडावर हात ठेवून हसल्या. मी चालायला लागले.

काल त्यांच्या नातीला, सेकारला, इस्पितळात नेलं. डेंगीच. रक्तातल्या प्लेटलेट उतरतायत.

आज सकाळी पाक जुमादींची बायको आणि मी टॉर्च घेऊन घरोघरचं साठवलेलं पाणी तपासलं. हौद, कुंड्यांखालच्या ताटल्या, पाखरांच्या वाट्यासुद्धा. तुकिरानांकडे एकही अळी सापडली नाही. शेवटी ती म्हणाली, आता तुमचंही बघून टाकू, म्हणजे कुणी बोट दाखवायला नको. झाकण मीच उचललं, टॉर्च मीच धरला. पाणी वळवळत होतं. त्या पिंपामागच्या भिंतीला लागून सेकारची खाट आहे.

जुमादींची बायको हळूच म्हणाली, ओतून टाकू या, कोण विचारतंय? आम्ही पाणी ओतून टाकलं. मग मी तुकिरानांच्या दारात जाऊन सांगितलं. कुठला डास कुठल्या पाण्यातला हे कुणी सिद्ध करू शकत नाही, एवढं मला कळतं. पण नातीचे कपडे पिशवीत भरणाऱ्या माणसापुढे मला तो वाद घालवला नाही. ते ओरडले असते तर बरं झालं असतं. आता कळलं, बाई, एवढंच म्हणाले आणि चपला घालून निघून गेले.

तिथून पाक जुमादींकडे गेले आणि सांगितलं, हे घर वगळायचं नाही. उद्या तुझं दार उघडं असेल. तू नको म्हणाला आहेस. तुझी वस्तू आहे, आणि तुला न विचारता मी हे करते आहे. प्लास्टिक आणून ठेवलंय, कोळसाही.
तुझी,
वुर्यानीताई


सेमारांग,
२४ फेब्रुवारी

चि. विबोवो यास,

धूर आला. प्लास्टिकचे चार पदर घातले, कडा चिकटपट्टीनं बंद केल्या, यंत्र थांबवलं. वरच्या जाळ्यांतून धूर उतरला तसा खोलीत स्वतःचा हात दिसेना. नंतर तू सांगितलं होतंस ते सगळं केलं.

संध्याकाळी कोळंब्या पाठीवर पडल्या. सगळ्या. केशरी जोडी जिवंत आहे, पण हात घातला तरी चावत नाही. जांभळ्या फांद्या टोकांशी पांढऱ्या पडल्यात, त्यांतून चिकट दोरे सुटतात. बाकीचे मिटले आहेत. झोपलेत की गेलेत, कळत नाही. सारखी जाऊन बघते. बघून उपयोग नाही हे कळतं, तरी बघते.

सेकारच्या प्लेटलेट वाढू लागल्यात. पाक तुकिरान सांगायला आले. टाकीसमोर उभे राहिले आणि विचारलं, मेले का? म्हटलं, माहीत नाही. म्हणाले, पाखरं घरी आणली, तीही गात नाहीत.

पांढरं पडलेलं तोडून टाकू का, ते कळव.

आज आशीर्वाद लिहायला हात धजावला नाही. राग हवा तेवढा धर, तो तुझा हक्क आहे. लोभ मात्र सोडू नकोस.
वुर्यानी


बेटावरून,
५ मार्च

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

तुझी दोन्ही पत्रं एकाच बोटीनं आली. पहिलं वाचलं आणि दुसरं खिशात घालून धक्क्यावर जाऊन बसलो. ओहोटी होती. गुडघाभर पाण्याखाली मैलभर प्रवाळ पसरलेला, आणि मला आठवत होती ती माझी चार हातांची टाकी.

राग आला. अजून आहे. घरी येऊन वेनिंगला दोन्ही पत्रं वाचून दाखवली. तिनं एवढंच विचारलं, सेकार घरी आली का? तेव्हा लक्षात आलं, टाकीच्या ओळी मी चारदा वाचल्या होत्या आणि सेकारची एकदाच. ताई, तू दार लावून घेतलं असतंस, तर माझे प्रवाळ कदाचित टवटवीत राहिले असते. पण मधे एकच भिंत आहे. पलीकडच्या माणसाला रोज कुठलं तोंड दाखवलं असतं मी?

पांढरं काही तोडू नकोस. ज्याला कुजका वास येईल तेवढंच काढ. बाकीचं मेलं असं तू ठरवू नकोस, मीही ठरवत नाही. पाणी थोडं थोडं बदलत राहा. जावयाचं जहाज लांबलंय, त्यामुळे मी इतक्यात येत नाही. टाकी तुझ्याकडेच आहे. दुसऱ्या कुणाला बोलावू नकोस.

आणि यापुढे आशीर्वादच लिहीत जा. लोभ मागायचं काम धाकट्याचं असतं, तेवढं माझ्याकडे राहू दे.

तुझा,
विबोवो