याप काकांच्या नावावरचा लाल कागद

ताइपिंग,
१७ एप्रिल १९८८

न्युक लान ताईस,
शिन फाचा आदरपूर्वक नमस्कार.

आधी माफी मागतो. चार वर्षं तुला पत्र नाही. दर नववर्षाला मी नव्या वहीच्या पहिल्या पानावर ‘ताईला पत्र’ असं लिहितो आणि पुढच्या वर्षी तेच दोन शब्द पुढच्या वहीत उतरवून घेतो, एवढीच काय ती प्रगती. तुझा दमा कसा आहे? पर्थची कोरडी हवा मानवते का? आणि भावोजींचा दवाखाना? (तिकडच्या लोकांचे दात मुळातच चांगले असले, तर दातांच्या डॉक्टराचं चालतं कसं, ही माझी जुनी शंका अजून कुणी फेडलेली नाही.) आम्ही इकडे बरे आहोत. पाऊस रोज साडेचारला येतो, शाळा सुटताना. मी रोज छत्री विसरतो. भूगोल शिकवणाऱ्या माणसाला हे शोभत नाही असं तुझी भावजय रोज म्हणते.

आता खुर्चीत बस आणि पुढचं शांतपणे वाच. मंडळाचं एप्रिलचं पत्रक तुझ्याकडे निघालं आहे. ते जहाजानं येतं, हे पत्र विमानानं, म्हणजे आधी हे पोचेल. पत्रक आल्यावर तिसरं पान उघडू नकोस. उघडलंस तर त्यावर विश्वास ठेवू नकोस. तुझे वडील जिवंत आहेत. आज सकाळीच कॉफीच्या दुकानात भेटले. दोन अर्धीकच्ची अंडी, नारळाचा जॅम लावलेले चार टोस्ट आणि माझा अपमान, सगळं त्यांनी पोटभर घेतलं.

हे कसं घडलं ते सांगायचं तर मंडळाच्या महिन्याभराच्या घडामोडी सांगाव्या लागतील. (मला माहीत आहे, तू म्हणशील मुद्द्यावर ये. मुद्दा त्यातच आहे.) ताइपिंग हक्का हितवर्धक मंडळ हितवर्धन जोरात करत आहे. बिस्किट कारखान्याचे लिऊ साहेब आठव्यांदा बिनविरोध अध्यक्ष झाले. विरोध करू शकेल असा माणूस त्यांनी आधीच उपाध्यक्ष केला होता. टेबल टेनिसची स्पर्धा झाली. टेबल एकच आणि त्याचा एक पाय आखूड, त्यामुळे नाणेफेक जिंकेल तो सामना जिंकतो. महिलांचा नृत्यवर्ग सुरू झाला, त्यात तीन महिला आणि पाहणारे अकरा पुरुष. वरच्या दालनातला बंद पडलेला पंखा तुझ्या वडिलांनी मार्चमध्ये, स्वतःहून, शिडीवर चढून दुरुस्त केला. तो अजून फिरत नाही. पत्रकातल्या सभासद-वार्ता मी लिहितो, हे तुला माहीतच आहे. कुणाचा मुलगा कुठल्या परीक्षेला बसला, कुणाचं पित्ताशय काढलं, कुणाची सून बाळंत झाली. गेली बारा वर्षं मी हे काम करतो आहे, आणि दर महिन्याला स्वतःला विचारतो की एका शिकलेल्या माणसाने लोकांच्या पित्ताशयांवर इतकी मेहनत घ्यावी का.

तर वरचं दालन. नावाच्या पाट्यांची ती भिंत तुला आठवत असेलच. ज्या सभासदांनी हयातीतच मेल्यानंतरची आपली जागा राखून ठेवली आहे, त्यांच्या नावावर लाल कागद. माणूस गेला की कागद काढायचा. चिंगमिंग जवळ आला, पूर्वजांना जेवण वाढायची वेळ झाली, की सचिवाने वर जाऊन या वर्षी उघडी झालेली नावं उतरवून घ्यायची आणि एप्रिलच्या अंकात चार ओळींची श्रद्धांजली द्यायची. मंडळाच्या घटनेत कलम सतरा हेच सांगतं. सचिव मी. मी वर गेलो. वरून पहिल्या रांगेत, पंख्याच्या बरोबर खाली, सोनेरी अक्षरांत ‘याप खी सेन’. उघडं.

ताई, मी तसाच खाली येऊन लिहायला बसलो असं समजू नकोस. मी शंकेखोर माणूस आहे. मी तुमच्या घरी दोनदा गेलो. दोन्ही वेळा कुलूप, दारात वर्तमानपत्रांचा ढीग. मग अध्यक्षांना विचारायला गेलो. आणि इथे आपल्या चिनी लोकांचा जो काही थोरपणा आहे तो आडवा आला. चिंगमिंगच्या तोंडावर तो शब्द कुणी उच्चारायचा? मी म्हणालो, “साहेब, याप काकांचं काही कळलं का?” लिऊ साहेबांनी डोळे मिटले, मान हलवली आणि म्हणाले, “असल्या दिवसांत असलं बोलू नये, मास्तर.” नृत्यवर्गातल्या तिघींना विचारलं. तिघींनी मान हलवली. मी चौकशी करतो आहे असं मला वाटत होतं. त्यांना वाटलं मी बातमी सांगतो आहे. दोन दिवसांत सगळ्या गावाला ठाऊक झालं आणि सगळ्यांनी एकमेकांकडून ऐकलेलं होतं. मी छापलं.

चिंगमिंगला आम्ही तुझ्या वडिलांच्या नावासमोर भात, उकडलेली कोंबडी आणि भाजलेल्या डुकराचा उत्तम तुकडा ठेवला. लिऊ साहेबांनी भाषण केलं. तुझ्या वडिलांशी त्यांचं वीस वर्षं पटलं नव्हतं, पण रडले ते छान. नंतर पाच दिवसांनी तुझे वडील कांपारहून, बहिणीकडे महिनाभर राहून, बसने परत आले आणि स्टँडवरून थेट कॉफीच्या दुकानात शिरले. दुकानदाराच्या हातून किटली पडली. कुणीतरी घाईघाईने त्यांच्यापुढे पत्रक ठेवलं. मला शाळेतून बोलावून घेतलं. मी धावत गेलो तेव्हा ते चष्मा लावून तिसरं पान वाचत होते आणि हातात माझ्याच शाळेतली लाल पेन्सिल होती. (कुठून आली ते विचारायचं धाडस झालं नाही.)

“काय रे मास्तर,” सगळ्या दुकानाला ऐकू जाईल अशा आवाजात ते म्हणाले. (आयुष्यभर कथिलाच्या खाणीतली यंत्रं दुरुस्त केलेल्या माणसाला दुसरा आवाज नसतो.) “चोंग गेला तेव्हा त्याला चौदा ओळी, आणि मला चार?”

“काका, चूक झाली. तुम्ही बसा ना.”

“बसलोच आहे. मेलेल्या माणसाने उभं किती वेळ राहायचं? तीस वर्षं तो चोंग बुद्धिबळात माझ्याकडून हरला. हरणाऱ्याला जास्त ओळी देता का तुम्ही लोक?”

मग त्यांनी मला एकेक शब्द तपासून दाखवला, मी मुलांच्या वह्या तपासतो तसा. ‘मनमिळाऊ’ खोडलं. “कुणाचं मन? लिऊचं?” ‘शांतपणे निधन’ खोडलं. “मी जन्मात एक गोष्ट शांतपणे केली नाही, ही का करीन?” ‘भरून न येणारी पोकळी’ वर मोठं प्रश्नचिन्ह. शेवटची ओळ होती, ‘त्यांच्या मागे पर्थ येथे एक कन्या आहे.’ त्या ओळीला त्यांनी पेन्सिल लावली नाही. चष्मा काढला, पुसला, अंडं संपवलं आणि विचारलं, “हे गेलं का सगळीकडे?” मी म्हटलं, काका, दुर्दैवाने सगळीकडे गेलं. यावर त्यांनी आणखी दोन टोस्ट मागवले.

मग कार्यकारिणीची तातडीची सभा. घटनेत सभासद मेल्यावर काय करायचं याची नऊ कलमं आहेत, तो परत आल्यावर काय करायचं याचं एकही नाही. लिऊ साहेबांनी सुचवलं की मेच्या अंकात ‘श्री. याप यांचं निधन तूर्त स्थगित’ असं छापावं. तुझ्या वडिलांनी हजर राहून मागणी केली की चिंगमिंगला सभासदांना वाटतात त्या डुकराच्या मांसाचे त्यांचे दोन्ही वाटे द्यावेत, जिवंताचा आणि मेलेल्याचा. (यावर चाळीस मिनिटं चर्चा झाली. एक वाटा मंजूर, दुसरा अभ्यासासाठी ठेवला आहे.) मला सगळ्यांनी दोष दिला आणि मी तो घेतला. मग जबाबदारी थोडी वाटली जावी म्हणून मी साफसफाई करणाऱ्या आ-गिऊ मावशींना विचारलं की पुसताना कागद निघाला का. त्यांनी मला पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं. “मास्तर, मी किती उंच आहे? वरच्या रांगेला माझा हात पोचतो का? आणि म्हणे शिकलेले!” मला लाज वाटली, अजून वाटते आहे.

शेवटी सोपा उपाय निघाला: नवा लाल कागद चिकटवायचा की संपलं. लिऊ साहेब खळीची वाटी घेऊन स्वतः शिडीवर चढायला निघाले. तुझ्या वडिलांनी शिडी धरून ठेवली.

“उतर खाली. पहिला कागद पोटच्या लेकराने लावायचा, ही रीत आहे. दुसरा तू लावणार? तू माझा मुलगा आहेस का?”

“अहो याप, मग लावायचा कुणी?”

“ते मला माहीत नाही. राहू दे उघडं. माझी काही तक्रार नाही.”

तक्रार मंडळाची आहे. उघड्या नावाचा माणूस रोज खाली बसून बुद्धिबळ खेळतो हे बाकीच्या म्हाताऱ्यांना खपत नाही. दोघांनी त्यांच्याबरोबर खेळायचं बंद केलंय, एक जण दुरून पाहतो आणि घरी जाऊन अंघोळ करतो. ठराव असा झाला आहे की २९ मेच्या वार्षिक सभेपर्यंत नाव झाकलं गेलं नाही, तर श्री. याप खी सेन यांचं नाव हयात सभासदांच्या यादीतून कमी करावं. ताई, आपण हसू, पण त्या माणसाला तुझी आई गेल्यापासून जायला दुसरी जागा नाही. सकाळी सात ते संध्याकाळी सहा ते तिथे असतात.

आणि आता माझ्या वहीतली एक नोंद, जी मी अकरा वेळा लिहिली आहे. १९८१ च्या जूनमध्ये शिक्षकांच्या खोलीत तू मला सांगितलंस की लग्नानंतर तुम्ही दोघं पर्थला कायमचे जाणार. काकांना रविवारी सांगणार होतीस. मला वाटलं, त्यांना ठाऊक असणारच. मी सभासद-वार्तेत छापलं: ‘अभिनंदन! याप न्युक लान पर्थला स्थायिक होणार.’ अंक शुक्रवारी निघाला. एकुलती एक मुलगी देश सोडून जाते आहे हे त्यांना कॉफीच्या दुकानात, तिसऱ्या पानावर कळलं. बस स्टँडवर ते तुला सगळ्यांदेखत म्हणाले, “समज मी मेलो.” तू आज्ञाधारक मुलगी, सात वर्षं तसंच समजलीस. त्या वेळी मी माफी मागायला हवी होती. मी त्याऐवजी पुढच्या अंकात कुणाचं तरी पित्ताशय छापलं.

भावोजींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद. काळजी घे.

तुझा,
शिन फा

ता. क. खरं काम राहिलं. १९७४ साली तो कागद तूच लावला होतास, स्टुलावर चढून. काका कालच मला म्हणाले, “डावा वरचा कोपरा वाकडा लावला होता तिने. मी तेव्हाच सांगितलं होतं.” एवढंच म्हणाले, आणि माझा घोडा मारला. २९ मेच्या आधी येऊन जा. मुलांना आण. ‘काकांनी बोलावलं आहे’ असं मी लिहू शकत नाही, कारण त्यांनी बोलावलेलं नाही. मी बोलावतो आहे.

पुन्हा ता. क. पाकीट चिकटवणार इतक्यात आ-गिऊ मावशी आल्या. त्यांना आठवलं ते सांगायला. मार्चमध्ये काका शिडीवर चढले तेव्हा त्यांनी मावशींकडून गरम पाण्याची वाटी मागून घेतली होती. पंख्याला गरम पाणी कशाला, असं मावशींनी विचारलंही, तर काका म्हणाले, “गप बस, यंत्रातलं तुला काय कळतं.” ताई, त्या माणसाने हात लावलेलं यंत्र आजवर कधी बंद राहिलेलं नाही. मी मंडळात जाऊन पंखा पाहिला. त्याला हात लागलेलाच नाही, पात्यांवर वर्षाची धूळ आहे. मग काकांची बुद्धिबळाची पेटी उघडली. पटाच्या खाली लाल कागद, चार घड्या घातलेला, कुठे फाटलेला नाही, डावा वरचा कोपरा वाकडा. आणि मला आठवलं की फेब्रुवारीत त्यांनी मला सहज विचारलं होतं, “अंक अजून जातो का रे पर्थला?” मी म्हटलं होतं, हो काका, दर महिन्याला.

कागद होता तिथेच ठेवला. लिऊ साहेबांना काही सांगितलेलं नाही, तूही काकांना सांगू नकोस. सगळा दोष माझ्याकडे राहू दे, मला सवय आहे. वरचं माझं अर्धं पत्र आता खोटं ठरलं आहे, पण पुन्हा लिहीत बसलो तर आणखी चार वर्षं जातील.

उद्याचं काम: डिंकाची नवी बाटली आणणे.