गाद्या डावीकडे होत्या

ता. ३ मार्च

ती. ताईस,
भुंग्याचा सा. न. वि. वि. इकडे सगळे खुशाल, असं लिहायची पद्धत आहे. पण ते खोटं होईल म्हणून थेट सांगतो. मामाचा जबडा मोडलाय, तीन बरगड्या गेल्यात, आणि ते माझ्यामुळे झालंय. मामाला हे माहीत नाही, मामीला नाही, कारखान्यात कुणालाच नाही. फोनवर बोलता येत नाही, मामी शेजारीच बसलेली असते. म्हणून कागद घेतला.

मामाने मला त्या नव्या विमानाच्या कारखान्यात चिकटवलं हे तुला ठाऊक आहे, पण तिथे मी काय करतो ते मी कधी सांगितलं नाही, कारण सांगण्यासारखं नाही. मी गाद्या टाकतो. विमान म्हणजे ते वटवाघूळ गं. त्याला वेगळं पोट नाही, शेपूट नाही, पंखातच सगळे बसायचे. साहेब लोक म्हणतात की तेलाचा खर्च खूप वाचणार आणि जुनी नळीसारखी विमानं भंगारात जाणार. आत शिरलं की विमान वाटतच नाही, सिनेमाचं थेटर वाटतं. पाच गल्ल्या, खुर्च्याच खुर्च्या, आणि मधल्यांना खिडकी नाही, नुसता पडदा, त्यावर ढग दाखवतात.

तर त्याचा लाकडी नमुना आमच्या शेडमध्ये उभा आहे आणि त्यात पळापळीची तालीम चालते. दिवे घालवायचे, भोंगा वाजवायचा, आणि दीड मिनिटात सगळी माणसं घसरगुंडीवरून बाहेर यायला हवीत. दर वेळी अर्धी दारं बंद ठेवतात. कुठली, ते लोकांना सांगायचं नसतं. पण घसरगुंडीच्या खाली गाद्या लागतात, आणि त्या मी आधीच टाकून ठेवतो. गाद्यांसमोर पडदा लावायचा नियम आहे. तो पडदा गेलं वर्षभर साहेबांच्या गाडीवर घातलेला आहे, रंगाचे शिंतोडे उडू नयेत म्हणून. भाड्याने येणारी माणसं दर वेळी तीच. येता येता गाद्या कुठल्या बाजूला आहेत ते तिरक्या डोळ्याने बघतात आणि आत जाऊन शहाण्यासारखी बसतात. म्हणून प्रत्येक तालीम पास. साहेब लोक एकमेकांच्या पाठी थोपटतात. मला एकट्याला हसू यायचं.

परवा मोठी तालीम होती, सरकारी तपासनीस बघायला आलेले. माझ्या डोक्यात किडा वळवळला. दारं उघडणार होती उजवीकडची. मी गाद्या डावीकडे टाकल्या. माणसं बघत बघत आत गेली, दारं लागली, आणि मी ढकलगाडीवरून गाद्या गुपचूप उजवीकडे नेल्या. म्हटलं, आता या हुशारांची टाळकी एकमेकांवर आपटतील, गंमत होईल.

भोंगा झाला आणि अख्खं थेटर डावीकडे धावलं. मी बाहेर पडद्यावर बघत होतो. अंधारातलं टिपणारा कॅमेरा असतो, सगळं हिरवं दिसतं. आधी मी हसलो, ताई. खरं सांगतो, हसलो. मग पुढचे बंद दारावर आदळले आणि मागचे थांबेनात. नळीत माणूस पुढे जाईल नाहीतर मागे. इथे पाच गल्ल्यांतून माणसं एका कोपऱ्यात ओतली गेली. एक जाडा माणूस दुसऱ्याच्या पाठीवर गुडघा देऊन वर चढला. एका बाईचे केस कुणीतरी मुठीत धरून तिला मागे फेकली. एक जण खाली पडला, त्याच्या तोंडावरून बूट गेले, एक, मग दुसरा, मग मोजता येईनात. चावले, ओरबाडलं, एकाने खुर्चीचा हात उपटून समोर येईल त्याला हाणायला सुरुवात केली. आणि त्या बंद दाराशी मामा, तालमीत माणसांना ओरडून वळवायचं काम त्याचं. तो आयुष्यभर विमानात ओरडायलाच शिकला आणि शिकवत आला. तो ओरडत होता की दुसरीकडे वळा, दुसरीकडे वळा. कोण वळतंय. लोकांना गाद्या माहीत होत्या ना. गर्दीने त्याला दाराच्या लोखंडी दांडीवर दाबला. दिवे लागले तेव्हा तो उभाच होता, कारण पडायला जागा नव्हती, आणि तोंडातून रक्ताबरोबर दात येत होते.

मेलं कुणी नाही. तेवढं एक.

रागव, पण लोभ काढून घेऊ नकोस. दुसरं कुणी नाही मला.
तुझा, भुंग्या

ता. ९ मार्च

चि. भुंग्यास,
आशीर्वाद द्यायची रीत म्हणून देते. समोर असतास तर पायातलं काढून दुसरं काही दिलं असतं.

तुझं पत्र मी विमानतळावरच्या मोरीत बसून वाचलं आणि त्याच दिवशी एका दारुड्या प्रवाशाने माझा हात पिरगाळला तेव्हा त्याच्या नाकावर असा ठोसा दिला की वरिष्ठांनी मला जबाब लिहायला बसवलं. तो ठोसा तुझा होता, त्या बिचाऱ्याला फुकट मिळाला.

मूर्खा, आपल्याला कुणी विचारत नव्हतं तेव्हा या माणसाने आपल्याला घरात घेतलं. मामीचे टोमणे तू खाल्लेस तेवढेच मीही खाल्ले, पण पोटभर जेवून खाल्ले. मामी फोनवर रडत होती की कंपनीने मामावर ठपका ठेवलाय, दाराशी असून त्याला माणसं वळवता आली नाहीत म्हणून. त्याचा आवाज ही त्याची भाकरी आहे, आणि आता त्याच्या जबड्याला तारा बांधल्यात. वर हा डाग. तो डाग तुझा आहे, तू जाऊन पुसायचास. साहेबांसमोर उभा राहा आणि सांग की गाद्या मी हलवल्या.

माझी बातमी द्यायला तोंड नाही, तरी देते. तुमच्या वटवाघळावरच्या हवाई सेविकांच्या पहिल्या तुकडीत माझी निवड झाली. माझी जागा मधल्या गल्लीत, सगळ्यांत आत. इतकी माणसं एकाच दालनात, मैत्रिणी म्हणतात की तू आता लग्नाचा हॉल सांभाळणार. विमान वळलं की कडेचे लोक झोपाळ्यासारखे वर जाणार म्हणे, त्यांच्या ओकाऱ्या कोण पुसणार ते ठरायचंय.

मामाशी खरं वाग. तेवढं केलंस की मी पूर्वीसारखीच तुझी.
ताई

ता. १४ मार्च

ती. ताईस,
न घाबरता सा. न. म्हणजे खोटं, घाबरतच नमस्कार.

मामाला कामावरून बाजूला केलंय. चौकशी संपेपर्यंत पगार नाही. पण दुसरीकडे तपासनीस काय म्हणाले ते ऐक. म्हणाले की एका माणसाच्या घशावर एवढ्या लोकांचा जीव टांगलेला असेल तर घसा नाही, विमान बदला. मध्ये आणखी दारं काढा, जमिनीत रस्ता दाखवणारे दिवे बसवा, आणि पुढची तालीम कधी इथे न आलेल्या माणसांची घ्या. तोवर वटवाघूळ उडणार नाही. साहेब इतके तापले की त्यांनी टेबलावरचा छोटा नमुना भिंतीवर फेकून फोडला. पंखाचा तुकडा माझ्या कानाला लागला, तीन टाके पडले.

मी सांगायला गेलो नाही अजून. भित्रा म्हण. पण एक विचार सारखा येतो. खऱ्या प्रवाशाला गाद्या दिसणारच नाहीत. त्या अंधारात तो पण कुठल्या तरी एकाच कोपऱ्यात धावणार. तू ती मधली गल्ली सोड ना. जुन्या नळीत काय वाईट आहे?

टाके दुखतात, थोडी माया पाठव.
भुंग्या

ता. १८ मार्च

भुंग्यास,
आशीर्वाद शिल्लक नाहीत. मला माझ्या नोकरीचं शिकवू नकोस. मामाचा पगार बंद आणि तू कानाचे टाके मिरवतोस. मी रजा टाकली आहे. येत्या रविवारी येते आणि सकाळी साहेबांच्या घरी जाऊन मी स्वतः सांगते. त्याआधी तू सांगितलंस तर चांगलं, नाहीतर तुझी मानगूट धरून नेते.

हे वाचूनही मी तुला आवडत असेन तर स्टेशनवर ये.
ताई

ता. २१ मार्च

ती. ताईस,
पाया पडतो. या वेळी खरंच पडतो, लिहायचं म्हणून नाही.

तुझं पत्र आलं तसा मी निघालो. म्हटलं, सांगायचं तर सगळं सांगू, गाद्या हलवल्या तेही आणि लोक गाद्या बघून दार ओळखायचे तेही. म्हणजे आधीच्या तालमी खोट्या होत्या हे पण कळेल. त्यासाठी साक्षीला कुणीतरी हवं. म्हणून आधी भाड्याच्या माणसांकडे गेलो. त्यांचा म्होरक्या, तो टकल्या, हसला. म्हणाला की आम्ही कधी गाद्यांकडे बघितलंच नाही, आणि आमचं काम घालवायला निघालास तर तुझी बत्तीशी तुझ्याच हातात देऊ. मी म्हटलं, बत्तीशी मोजायला येते का तुम्हाला? तोंड आवरत नाही, तुला माहीत आहे. चौघांनी शेडच्या मागे धरून तुडवला. टकल्याने डोकं धरून पत्र्यावर आपटलं, आपटून झाल्यावर विचारलं की आता काय बघितलंस. मी म्हटलं, काही नाही. दोन दात तिथेच राहिले.

तसाच साहेबांकडे गेलो. सरळ सांगायचा धीर होईना, म्हणून विचारलं की समजा कुणी गाद्यांत खोडसाळपणा केला असेल तर? ताई, त्या माणसाचं तोंड बघायला हवं होतंस. मला खुर्ची दिली. माझं रक्त पुसायला स्वतःचा रुमाल दिला. म्हणाले की असं कुणी कबूल केलं तर ही तालीम रद्द, आधीच्या पास झालेल्या कायम, आणि विमान आहे तसं पुढच्या वर्षी आकाशात. नवी दारं नकोत, दिवे नकोत. मी म्हटलं, पण आधी लोक गाद्या बघत होते असं निघालं तर? म्हणाले की ते कोण कबूल करणार, ते सोड, खोडसाळपणा कुणी केला तेवढं सांग, तुझं भलं करतो. आणि मामाला पण परत घेऊ. इतक्या गोडीने बोलले की मी खुर्चीतून उठलोच. मी म्हटलं, सहज विचारलं साहेब. रुमाल तिथेच ठेवून निघालो.

मग हॉस्पिटलात गेलो आणि मामाला सगळं सांगितलं. तू म्हणालीस ना, खरं वाग. मामी खाली औषधं आणायला गेली होती. मामाने शेवटपर्यंत ऐकलं, मग सलाइनचा लोखंडी खांब उचलून माझ्या खांद्यावर घातला. दुसऱ्यांदा उचलला तेव्हा हातातली सुई निघाली, चादरभर रक्त झालं, तरी घातलाच. हाड मोडलंय, डाव्या हाताने कागद धरता येत नाही. अक्षर वाकडं आलं तर त्यामुळे.

दमल्यावर तो तारांमधून बोलला. अर्धं कळलं नाही, पण तुझं नाव कळलं. त्याला तुझी जागा माहीत आहे, मधली गल्ली, सगळ्यांत आत. म्हणाला की ती दांडी मी माझ्या तोंडाने चाखली आहे, पोरीला नाही चाखू देणार. म्हणाला की चौकशीत सांगणार, चूक माझीच, माझा आवाज पोचला नाही, म्हणजे तालीम नापासच राहील आणि नवी दारं काढावीच लागतील. कामावरून काढलं तर काढू देत. आणि मला म्हणाला की यापुढे माझ्यासमोर येऊ नकोस. हे मात्र अगदी स्पष्ट कळलं.

तू रविवारी येणार आहेस. ये. मामाला भेट, मामीला धर, माझी मानगूट धर, दुसरा खांदा शिल्लक आहे. फक्त साहेबांच्या घरी जाऊ नकोस. तू बोललीस तर मामाला नोकरी परत मिळेल, मी सुटेन, आणि तू त्या अंधारात उभी राहशील. तुझ्याभोवती गर्दी एकमेकांच्या अंगावर चढेल आणि तुझा आवाज कुणाला ऐकू येणार नाही. मामाने आयुष्यात एकच गोष्ट मागितली आहे आणि ती पण बोलता येत नसताना.

मामीला सांगू नकोस. ती उद्या साहेबांच्या दारात जाऊन ओरडेल. मैत्रिणींना सांगू नकोस, तपासनीस भेटले तरी सांगू नकोस. मला जन्मभर तोंड उघडायची खाज येत राहील, म्हणून मलाही विचारू नकोस. माझ्यावर माया उरली असेल नसेल, मामासाठी गप्प बस. ताई, कुणाला सांगू नकोस. तुझ्या पाया पडतो, कुणालाच नको.
भुंग्या