बाबांसाठी कोरडी भिंत

ता. ४ डिसेंबर

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

पत्राला उशीर झाला, कबूल. रोज ठरवायचो, आज लिहायचंच, आणि रोज काहीतरी आडवं यायचं. काल तर कागद घेऊन बसलो आणि समोरच्या पत्र्यावर एक मांजर कबुतराच्या मागे लागलं. कबुतर जिंकलं. ते असो.

खरी बातमी ऐक. मला खोली मिळाली! भाड्याची का होईना, पण दार, कडी, खिडकी, कपाट सगळं असलेली. छापखान्यात गठ्ठे बांधायचं कामही टिकलंय. तेव्हा आता बाबांना माझ्याकडे पाठव. तुझ्याकडे जागा किती आणि माणसं किती, मला कळत नाही का?

एवढीशी खोट आहे. कपाटामागच्या कोपऱ्यात काळे ठिपके आले होते. मी त्यावर झकास निळा रंग फासला, तर आता ते निळ्यातूनही डोकं वर काढताहेत. कुबट वासही येतो. बाहेरची दमट हवा आत नको, म्हणून खिडकी गच्च लावून ठेवतो.

भाऊजींना नमस्कार, पोरांना टपल्या. माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझा,
भिंगरी


ता. ११ डिसेंबर

चि. भिंगरीस,
अ. उ. आ.

पत्र वाचून आधी घरभर नाचले, मग कपाळावर हात मारला. अरे शहाण्या, बुरशीवर रंग म्हणजे आजाऱ्याला नवा सदरा! बाबांची छाती तुला ठाऊक आहे. गेल्या थंडीत दम लागला तेव्हा डॉक्टरांनी बजावलंय, बुरशीच्या खोलीत राहायचं नाही. भिंत कोरडी झाल्याशिवाय मी त्यांना पाठवणार नाही. बाबांना हे सांगितलं, तर हसून म्हणाले, गावोगाव फिरणारं पोर ते, भिंत वाळेपर्यंत भिंगरी तिथे टिकली तर ना!

आधी ओल कुठून येते ते शोध. कोपरा पुसून वाळव आणि प्लास्टिकचा तुकडा चारी कडांनी चिकटपट्टी लावून भिंतीवर बसव. दोन-तीन दिवसांनी बघ. प्लास्टिकच्या आतल्या बाजूला पाणी धरलं, तर भिंतच ओली आहे, घरमालकाला धर. बाहेरून धरलं, तर ओल तुझ्या खोलीतल्या हवेची. आणि खरं सांग, कपडे कुठे वाळत घालतोस?

जपून राहा. आमचा जीव तुझ्यात आहे, हे विसरू नकोस.

तुझी,
ताई


ता. २९ डिसेंबर

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

ओल माझीच निघाली! प्लास्टिकवर बाहेरून थेंबच थेंब, आतून खडखडीत कोरडं. तू विचारलंस म्हणून सांगतो, कपडे खोलीतच दोरीवर. पातेल्यावर झाकण ठेवायची सवय नाही. आणि ती सगळी वाफ बंद खिडकीआड कोंडलेली! काय करू गं, आजवर गोदामांच्या ओट्यावर नाहीतर ट्रकच्या टपावर झोपलो. जन्मात पहिल्यांदा लावायला खिडकी मिळाली, ती उघडी टाकायला जीव होईना.

मग नाकाला फडकं बांधलं, निळा रंग ओला करून खरवडला, साबणाच्या पाण्याने कोपरा घासला, पुसून वाळवला. कपाट हातभर पुढे ओढलं. त्यामागे एकच बूट सापडला, त्याचा मालक एकाच बुटावर कसा गेला असेल, याच विचारात दुपार गेली. असो. आता कपडे गच्चीवर, पातेल्यावर झाकण आणि सकाळ-संध्याकाळ खिडकी सताड उघडी. ठिपके परत आलेले नाहीत, ताई! आता तरी बाबांना पाठवशील?

बाकी सगळं कोरडं राहो, लोभ तेवढा ओला असू दे.

तुझा,
भिंगरी

ता. क. पाकीट चिकटवतच होतो, तर दार वाजलं. बाबा! बगलेत उशी! तुला दोस्ताकडे जातो म्हणून सांगून निघालेत म्हणे, तेव्हा शोधत फिरू नकोस. दारातच थांबून त्यांनी दोनदा वास घेतला, मग कपाटामागे हात घालून भिंत चाचपली. खोकला नाही, ताई, एकदाही नाही! म्हणाले, भिंगरी टिकली म्हणायची. उशी त्याच कोपऱ्याजवळ टाकली, थंडी वाजते म्हणाले आणि उठून खिडकी गच्च लावून घेतली. आता ती उघडायला उठतो. भांडण होणार बहुतेक, आमच्या घरातलं पहिलं!