आइस्क्रीमच्या पॉटावरची बैठक

तीर्थस्वरूप ताईस,

गुडघ्यांनी संप पुकारल्यामुळे उभ्याउभ्याच घातलेला साष्टांग नमस्कार गोड मानून घे. इकडे सगळे ठीक. तुझी भावजय ठीक, मुलगा-सून ठीक, नात तर जरा जास्तच ठीक. मी एकटा कंबर धरून पडलोय. का, ते पुढे येईलच. तुझी कंबर, तुझी साखर आणि तुझा तो सारखा हरवणारा चष्मा कसा आहे? फोनवर विचारलं की तू 'बरंय' म्हणतेस, आणि 'ये ना चार दिवस' म्हटलं की 'बघू' म्हणतेस. भाऊजी गेल्यापासून चौदा महिने मी हे दोनच शब्द ऐकतोय. म्हणून या खेपेला पत्र लिहायला घेतलं. पत्राला मधेच 'बघू' म्हणून ठेवून देता येत नाही.

तर, तू पाठवलेला आइस्क्रीमचा पॉट पोचला. (माळा आवरायला काढलास आणि नेमका तोच आधी हाताला लागला ना तुझ्या!) लाकडी बादली, आतला पत्र्याचा डबा, वरचं दातेरी चाक, दांडा आणि डब्यात फिरणारा तो चार पात्यांचा लाकडी पंखा, सगळं जसंच्या तसं. पार्सल उघडलं तेव्हा दुर्दैवाने आमचे व्याही घरात होते. हे गृहस्थ दातांचे डॉक्टर. बोलतात कमी आणि समोरच्याच्या तोंडात बघत बसतात. डब्याला तू बांधलेली चिठ्ठी मी सगळ्यांदेखत खणखणीत आवाजात वाचली, 'आइस्क्रीम तूच करायचास ना, मग तुझ्याकडेच शोभेल.' ताई, यातला टोमणा मला तेव्हा कळलाच नाही. चौतीस वर्षं नोंदणी कार्यालयात काढल्यावर माणसाला कागदावरचं सगळं खरं वाटायला लागतं. नातीने विचारलं, 'आजोबा, खरंच तुम्ही करायचात?' मी म्हणालो, 'मग काय तर! सगळी सुट्टीभर मीच.' एवढ्यावर थांबलो असतो तर मी कसला! लगेच पुढच्या रविवारी व्याह्यांच्या अख्ख्या घराला, म्हणजे मोजून अकरा तोंडांना, आमंत्रण देऊन मोकळा झालो.

आता तुझ्यापासून काय लपवायचं? आइस्क्रीममधलं मला एकच काम येतं, आणि ते म्हणजे पॉटावर बसणं. दूध आटवायची आई. बर्फाची लादी गोणपाटात गुंडाळून ठोकायचे बाबा. दांडा फिरवायचीस तू. दूध घट्ट व्हायला लागलं की पॉट जागचा हलून गरगरायला लागायचा, म्हणून त्याच्यावर गोणपाटाची घडी टाकून घरातलं सगळ्यांत जड पोर बसवायचे. ते पोर मी. (ठोकळ्या हे नाव तूच ठेवलंस, आणि शेजाऱ्यापाजाऱ्यांत वाटलंसही तूच.) असे नऊ उन्हाळे मी त्या पॉटावर काढले. पुढे नोकरीत जो खुर्चीला चिकटून राहिलो त्याचा पाया तिथेच घातला गेला असणार. पण बसणाऱ्याला खाली काय चाललंय ते दिसत नाही गं! बर्फ किती, मीठ किती आणि कुठे, थांबायचं कधी, मला ओ की ठो माहीत नाही. दांडा जड झाला की तू डोळे मिटून आणखी एक फेरा घ्यायचीस आणि म्हणायचीस, 'झालं.' ते तुझ्या हाताला कळायचं. मला कळायचं ते एवढंच की बूड बधिर झालंय.

आणि ते दुसरं प्रकरण. आईचा नियम होता, दांडा फिरवील त्याने पंखा चाटायचा. म्हणून आई बाहेर यायच्या बेताला मी पॉटावरून उतरून भिंतीवर दोन्ही तळहात खसाखसा घासायचो आणि तिने 'आज कोणी फिरवला?' असं विचारलं की लालबुंद हात पुढे करायचो. तुझ्या हातांना खरे फोड आलेले असायचे आणि ते तू फ्रॉकमागे लपवायचीस. पंख्याच्या चारांतली तीन पाती मी चाटायचो आणि चौथं मोठ्या मनाने तुझ्यापुढे धरायचो. आई आत गेली की तू माझ्या पाठीत एक सणसणीत धपाटा घालायचीस, मी तुझी वेणी ओढायचो, आणि आपली मारामारी होईपर्यंत ते चौथं पातंही कोपरापर्यंत गळून जायचं. एकदाही तू आईला सांगितलं नाहीस. का सांगितलं नाहीस, हे विचारायला मला सदुसष्टावं वर्ष उजाडावं लागलं. आहेच मी असा.

रविवार उजाडला. अकरा तोंडं दिवाणखान्यात गोल करून बसली. मी कमरेला पंचा गुंडाळून आचाऱ्याच्या थाटात उभा. मीठ पडतं एवढं ठाऊक होतं, कारण नऊ वर्षं मी त्याचा आवाज ऐकलेला. म्हणून डब्याचं झाकण नीट बसलंय का हे न बघताच मुठीमुठीने जाडं मीठ बादलीत सोडलं. (तुझी भावजय म्हणाली, 'अहो, आत चाललंय ते.' मी म्हणालो, 'तुला काय कळतंय?' हे वाक्य मी लग्नापासून अनेकदा बोललोय आणि दरवेळी ते माझ्याच अंगाशी आलंय.) मग दांडा धरला. पंचवीस फेऱ्यांत खांदा गेला, चाळीस फेऱ्यांत तोंड उघडं पडलं, ते व्याह्यांनी लगेच आतून तपासलं आणि न बोलता दांडा स्वतःच्या हातात घेतला. मग मी तेच केलं जे मला येतं. गोणपाटाची घडी टाकली आणि बसलो.

ताई, खरं सांगतो, दोन मिनिटं फार छान गेली. बुडाखाली गार, पायाशी बर्फाचा खडखडाट, कानाशी दांड्याची करकर. डोळे मिटले आणि वाटलं, मान वळवली तर तूच दिसशील, घामाघूम, वेणी सुटलेली. वळवली. व्याही होते. आणि तेवढ्यात खालून कडाड्‌ आवाज झाला. नऊ उन्हाळे ठोकळ्याला त्या बादलीने बिनतक्रार सोसलं, पण चौऱ्याऐंशी किलोच्या निवृत्त हेडक्लार्कला सोसायचा काही करार नव्हता. मी सपशेल जमिनीवर. खारं पाणी दिवाणखानाभर आणि त्यातलं निम्मं व्याह्यांच्या नव्या बुटांत. डबा गडगडत सोफ्याखाली गेला. तो काढून आतलं दूध सगळ्यांनी भीतभीत चाखलं. व्याह्यांनी ते तोंडात घोळवलं, थोडा विचार केला आणि त्या दिवसातलं आपलं एकमेव वाक्य बोलले, 'हिरड्यांना उत्तम.'

तेव्हापासून मी पडून आहे. नात रोज येऊन विचारते, 'आजोबा, नक्की तुम्हीच करायचात ना?' काय सांगू तिला?

तुझा,
ठोकळ्या

ता. क. बादली सुताराने दुरुस्त केली, दोन लोखंडी पट्ट्या मारल्या. 'साहेब, यावर एवढं जड काय ठेवलं होतं?' असं विचारत होता. मी विषय बदलला. तर मीठ किती, कुठे घालायचं आणि थांबायचं कधी, हे उलट टपाली सविस्तर कळव.

दुसरा ता. क. नको, कळवू नकोस. तुझं ते 'झालं' कागदावर उतरायचं नाही. तू स्वतःच ये. खिडकीची खोली रिकामी केलीय, माझी जुनी वर्तमानपत्रंसुद्धा हलवलीत. (हे वाचून तुला माझ्या हेतूबद्दल शंका यायला नको.) चार दिवस नव्हे, सुट्टी संपेपर्यंत राहा. त्या घरात एकटीने खिडकीशी बसून राहतेस हे मला कळत नाही असं समजू नकोस. बसून राहण्यातलं मला कळतं.

तिसरा ता. क. तुझ्या भावजयीने पत्र वाचलं. ती म्हणते, खरं लिहिल्याशिवाय पाकीट चिकटवू देणार नाही. बरं, लिहितो. परवाच्या रविवारी आइस्क्रीम झालं. सुनेने मोबाइलवर बघून मोजून मीठ घातलं, मुलाने दांडा फिरवला आणि माझ्या जागी विटांची पिशवी ठेवली. (पिशवीने काम चोख केलं. कुरकुर नाही, पंख्यावर हक्क नाही.) असं जमलं होतं की चमचा उभा राहावा. तेव्हा कृतीसाठी तुझी गरज आहे ही निव्वळ थाप. पण डबा उघडल्यावर मी कमरेचं दुखणं विसरून पुढे झालो, पंखा बाहेर काढला आणि नातीपुढे धरला. ती म्हणाली, 'नको आजोबा, गळतंय ते,' आणि वाटी-चमचा घेऊन बसली. मुलाला नको, सुनेला नको. मी पंखा हातात धरून उभा. पार कोपरापर्यंत गळलं गं, आणि अख्ख्या घरात त्याच्यासाठी मला धपाटा घालणारं कोणी नाही. शेवटी मोरीत नेऊन मीच धुतला.

नातीला सगळं सांगून टाकलंय, 'आइस्क्रीम मी नव्हे, तुझी आत्याआजी करायची आणि मी नुसता बसायचो.' ती आता तुझी वाट बघतेय, माझ्याकडे ढुंकून बघत नाही. ये ताई. या खेपेला चारही पाती तुझी. थोडा भांडेन मी, तेवढं चालवून घे.