लूमवरचा गोळ्यांचा डबा

अहो,

तुम्ही होतात तेव्हा पत्र लिहायची वेळ कधी आली नाही. हाक मारली की लूमच्या खडखडाटातूनही तुम्हाला ऐकू जायचं. आज लिहितेय, कारण आपल्या प्राचीला मलेरिया झालाय आणि कोणाला विचारावं ते मला कळत नाही.

आपल्या यंत्रमागाच्या कारखान्यातला तुमचा तो बिस्किटांचा पत्र्याचा डबा आठवतो? ताप उतरला की कामगार उरलेल्या गोळ्या त्यात आणून टाकायचे. दुसऱ्या कोणाला ताप आला की तुम्ही त्यातल्याच काढून द्यायचात, म्हणजे शिफ्ट चुकायची नाही. केवढा अभिमान होता तुम्हाला त्याचा! पण कोणीच औषध पुरं करत नव्हतं म्हणून तो भरलेला असायचा, हे कसं नाही हो आलं तुमच्या ध्यानात?

तुम्हाला ताप आला तेव्हा तुम्हीही त्यातल्याच घेतल्यात. आपले कारागीर हनीफभाई त्यांनीच बरे झाले होते ना! त्यांचा मलेरिया साधा होता, तुमचा डोक्यात चढणारा. हे कळलं ते ठाण्याच्या हॉस्पिटलात, रक्त तपासल्यावर. तोवर तुम्ही मला ओळखतही नव्हतात. रागवायचं तरी कोणावर?

म्हणून या वेळी धामणकर नाक्यावरच्या डॉक्टरांना हात जोडून म्हटलं, सगळ्यात जालीम औषध द्या. ते म्हणाले, सगळ्यांना चालेल असं एकच औषध नसतं. कुठला मलेरिया आणि कुणाचं रक्त, दोन्ही बघावं लागतं. प्राचीचा साधा निघाला. ताप उतरवणाऱ्या गोळ्या सुरू झाल्यात. पण तो पुन्हा उलटू नये म्हणून ज्या द्यायच्या, त्या काही जणांच्या अंगात रक्तच फोडतात. त्यामुळे आधी रक्ताची आणखी एक तपासणी. रिपोर्ट उद्या येईल.

तुम्हाला औषध कमी पडलं. हिला जास्त झालं तर? मी नुसती तिच्या उशाशी बसून आहे.

सकाळी हनीफभाई दारात आले, डोळे तापाने लाल. "भाभी, सेठ का डब्बा दे दो, ड्यूटी पे जाना है."

मी म्हटलं, आधी रक्त तपासून घ्या.

"सेठ तो ऐसे ही दे देते थे," म्हणाले आणि तसेच गेले. तपासलं की नाही, कोण जाणे.

उद्या काय येईल ते माझ्या हातात नाही. पण त्या गोळ्या हिला चालतील असं डॉक्टर म्हणाले, तर तुम्हाला शब्द देते. ताप गेला तरी मी त्या थांबवणार नाही. शेवटची गोळीसुद्धा हिच्याच पोटात जाईल. तुमच्या डब्यात एकही पडणार नाही.

तुमचीच,
मंगल