चर्चखालची जागा आणि धाकटीचा हिस्सा

लिहून ठेवणार : हौसा कमळाकर साळवी, वय अठ्ठ्याहत्तर, धंदा शिवणकाम, राहणार चर्चच्या मागच्या दोन खोल्या, रोहा, जिल्हा रायगड.

हे मृत्युपत्र मी माझ्या राजीखुशीने करत आहे. माझं डोकं ठिकाणावर आहे. डॉक्टरांचा दाखला जोडला आहे, आणि तो ज्यांना पुरत नसेल त्यांनी गेल्या रविवारच्या प्रवचनात मी किती चुका काढल्या ते आमच्या पाळकांनाच विचारावं. माझ्यावर कोणाची दमदाटी नाही. मला दमात घेणारी माणसं केव्हाच देवाघरी गेली.

मसुदा शेजारच्या अहमदभाईंच्या मुलाने, वकील इरशादने, करून आणला होता. त्यात मी कुठेच सापडेना. म्हणून कायद्याची वाक्यं त्याची ठेवली आणि मधलं सगळं मी घातलं. तो म्हणाला, "चाची, कोर्टात एवढं कोण वाचनार?" म्हटलं, कोर्टाने नाही वाचलं तरी मंडळी वाचेल. आमची मंडळी म्हणजे जीवनजल बाप्टिस्ट मंडळी, आणि तिला दुसऱ्यांचं वाचायला फार आवडतं.

माझे पती कमळाकर एसटी डेपोत मेकॅनिक होते. ते वारले. आम्हाला मूलबाळ नाही. रक्ताची म्हणावी अशी धाकटी बहीण सुवार्ता, राहणार पेण, आणि तिचा मुलगा जितेश, एवढीच. सुवार्ता आणि मी गेली कित्येक वर्षं बोलत नाही. का, ते पुढे येईलच.

कलम १. चर्चची जागा माझ्या नावावर का आहे. हे आधी सांगते, कारण नवीन पोरांना वाटतं की म्हातारीने गिळली.

पहिले पाळक बाबाजी मास्तर. पेणहून सायकलने येत, आमच्याकडे जेवत आणि ओट्यावर उपासना घेत. माझे वडील दिनानाथ भाताच्या गिरणीत मिस्त्री होते. बाबाजींनी त्यांना आणि आईला कुंडलिका नदीत उभं करून बाप्तिस्मा दिला. त्याच साली धाकटी जन्मली म्हणून तिचं नाव सुवार्ता, म्हणजे प्रभूचं शुभवर्तमान. मी आधीची, म्हणून हौसा. वडिलांनी पोटाला चिमटा घेऊन ही जागा घेतली आणि मंडळीने वर चर्च बांधलं. कागद वडिलांच्या नावाने झाला, कारण मंडळीची नोंदणीच नव्हती. बाबाजी म्हणाले, "नोंदणी झाली की नावावर करू." ते गेले तरी नोंदणी झाली नव्हती.

दुसरे पाळक काळुराम. त्यांचा सगळा भर स्वर्गातल्या नोंदणीवर. आवाज असा की उपासना चालू झाली की बाजारात कळायचं. आमच्यात तान्ह्या मुलांचा बाप्तिस्मा करत नाहीत. कळत्या वयात ज्याचं त्याने ठरवायचं आणि पुरतं पाण्याखाली जायचं. मी सोळाव्या वर्षी ठरवलं. नदीत कमरेएवढ्या पाण्यात उभी असताना काळुराम म्हणाले, "आजपासून तुझं नाव हन्ना." मी म्हटलं, नाव बापाने हौसेने ठेवलंय, ते नाय बदलायचं. काठावर सगळी मंडळी, पाण्यात आम्ही दोघं, आणि वाद. शेवटी त्यांनी हौसा म्हणूनच बुडवलं, पण जरा जास्त वेळ खाली धरलं असं माझं आजही मत आहे. त्यांच्या घरच्यांना मी काही देत नाही. त्यांची छत्री माझ्याकडे राहिली आहे, ती न्यावी.

वडील वारले तेव्हा जागेला आम्हा दोघी बहिणींची नावं लागली. सुवार्ता तोवर लग्न होऊन पेणला गेली होती. पुढेमागे जागा मंडळीला द्यायची तर एकच नाव बरं, असं सगळ्यांचं म्हणणं पडलं. तिने हक्कसोड लिहून दिली. तहसीलच्या पायरीवर मला म्हणाली, "चर्चसाठी करत्ये गो ताई, तुझ्यासाठी नाय." आम्ही तिथेच हसलो आणि मग दोघींनी मिसळ खाल्ली.

कलम २. शिलाई मशीन, कात्र्या आणि बाप्तिस्म्याचे पांढरे झगे आताच्या पाळकीणबाई अपेक्षा यांना द्यावेत. झगे मी शिवले आहेत. खालच्या दुमडीत शिसं भरलेलं आहे, ते काढू नये. धरमतरच्या एका कोळणीकडून जाळ्याचं शिसं मागून आणत असे. शिसं नसेल तर बाई पाण्यात उतरली की झगा वर येतो, आणि मग देवाकडे कोणाचं लक्ष राहत नाही. हे मी तिसऱ्या पाळकांच्या काळात एकदा पाहिलं, ते पुरे झालं.

तिसरे पाळक शांतवन. नगरकडचे. मासळीला नाक मुरडत आणि पोहता येत नव्हतं म्हणून नदीला भीत. मंडळीची नोंदणी करून ट्रस्ट काढला तो त्यांनीच, जागा ट्रस्टच्या नावावर करायची तेवढी राहून गेली. व्यासपीठाखाली बाप्तिस्म्याचा हौदही त्यांनीच बांधला, वर फळ्या टाकून. एका ईस्टरला "थडगं उघडलं" असं म्हणत त्यांनी पाय आपटला आणि फळीसकट आत गेले. हौदात पाणी होतं. माणूस भला. भिजल्या कोटाने उरलेलं प्रवचन पूर्ण केलं, आणि त्या दिवशी कोणी डुलकी घेतली नाही.

कलम ३. कमळाकर यांचे पाने, जॅक आणि लोखंडी पेटी भाचा जितेश याला. तो इथल्या कंपनीत शिफ्टला येतो, तेव्हा माझ्याकडे जेवून जातो, आणि घरी आईला सांगतो की तिचा डबा कॅन्टीनमध्ये बसून खाल्ला. तिला सगळं कळतं. डब्यात ती मुद्दाम थोडं जास्त लोणचं घालते, आणि ते उरतं ते माझ्याकडे.

कलम ४. शेजारी शिवा याने भिंत बांधताना हातभर आमच्या हद्दीत घेतली. त्याला मी प्रभूच्या नावाने क्षमा केली आहे. जागेची क्षमा केलेली नाही. ती परत घ्यावी.

कलम ५. माझ्या दोन खोल्या मंडळीच्या ट्रस्टला, पाळकांना राहण्यासाठी. जी पाळकीणबाई येईल तिने स्वयंपाकघर हवं तसं फिरवावं. पोस्टातले पैसे माझ्या दफनाला आणि नंतरच्या चहाला वापरावेत. चहात साखर बेताची नको.

कलम ६. आता चर्चखालची जागा. हे कलम तीनदा लिहून फाडलं आहे.

आमच्यात वरून कोणी बिशप पाळक पाठवत नाही. मंडळी निवडते, हात वर करून. शांतवन म्हातारे झाले, ऐकू कमी येऊ लागलं, तेव्हा सभेत प्रश्न आला, त्यांना ठेवायचं की नितेश नावाच्या तरुणाला बोलवायचं. सुवार्तेचा नवरा वारला तेव्हा शांतवन महिनाभर रोज पेणला जाऊन तिच्या दारात बसले होते. तिच्यासाठी ते बापाच्या जागी. पण रविवारी पोरंबाळं येईनाशी झाली होती, हे मला दिसत होतं. मी नितेशसाठी हात वर केला. ती माझ्या शेजारी, त्याच बाकावर बसली होती. नितेश एका मताच्या फरकाने निवडून आला.

ती उठली. "म्हातारा झाला म्हनून मानूस टाकतात व्हय गो?" एवढं म्हणाली आणि शांतवनांचा हात धरून बाहेर पडली. पेणहून उपासनेला येणारे सगळे तिच्यामागे गेले. त्यांनी रामवाडीत गाळा भाड्याने घेतला, शेजारी गाळ्याच्या मालकाचा गणपतीच्या मूर्तींचा कारखाना. शांतवन त्या गाळ्यात शेवटपर्यंत पाळक होते. त्यांच्या मातीला मी गेले. सुवार्तेने माझ्याकडे पाहिलं नाही, पण खुर्ची पुढे सरकवली.

मग तिचा निरोप आला की माझा हिस्सा परत दे. तिचं म्हणणं, सही चर्चसाठी केली होती, आणि आता अर्धं चर्च पेणला आहे. खरंच आहे ते. तिच्या अडवणुकीमुळे मी जागा ट्रस्टला दिली नाही, आणि माझ्या हट्टामुळे तिला दिली नाही. तशीच माझ्या नावावर पडून राहिली.

या पावसाळ्यात जितेश जेवता जेवता म्हणाला, "मावशी, गाळ्याचा मालक जागा परत मागतोय. त्याला कारखाना वाढवायचाय. आईला हिस्सा भेटला तर ती विकणार हाय, नि पेणला हॉल बांधणार हाय." मी विचारलं, आणि इथलं चर्च? तो भात कालवत बसला.

मोजणी करून घेतली. जागेचे दोन सारखे वाटे केले तर रेघ चर्चच्या बरोबर मधून जाते. व्यासपीठ आणि हौद पूर्वेच्या अर्ध्यात, बाक आणि दार पश्चिमेच्या अर्ध्यात. पूर्वेचा भाग विकला गेला की इमारत पाडावीच लागेल. मला त्याची भीती वाटते, खोटं कशाला सांगू. बाबाजी मास्तरांपासून चाललेलं सगळं माझ्या सहीने बंद पडेल.

तरीही लिहून ठेवते. पूर्वेचा अर्धा भाग माझी बहीण सुवार्ता हिला द्यावा. तिने तो विकावा, ठेवावा, काय हवं ते करावं. तिने विश्वासाने सोडला होता. बापाच्या जागेतला धाकटीचा हिस्सा खाऊन मी चर्चमध्ये गाणी म्हणू शकत नाही. पश्चिमेचा भाग मंडळीच्या ट्रस्टला.

कलम ७. इरशादच्या आग्रहाने हे घातलं आहे. वरचं एखादं देणं कोणत्याही कारणाने लागू पडलं नाही, तर ते ज्याला दिलं त्याच्याकडे न जाता मंडळीच्या ट्रस्टला जावं.

कलम ८. पाळक नितेश याला व्यवस्थापक नेमते. त्याची गिटार मला चालते, त्याने सूर लावून मग आत यावं. पेणची माणसं कधी आली तर खिडकीकडचे बाक त्यांचे. त्यांना "परत आलात का" असं कोणी विचारायचं नाही. "बसा" म्हणायचं.

कलम ९. साक्षीदार. इरशाद म्हणतो, आम्हा ख्रिस्ती लोकांच्या मृत्युपत्राला जो साक्षीची सही करतो त्याला त्यातलं काही मिळत नाही. दिलेलं असलं तरी रद्द होतं. आता आली का पंचाईत! मी सगळ्या रोह्याला काही ना काही वाटून बसले. पितळी भांडी कोणाला द्यायची त्याची यादी वेगळी जोडली आहे, ती लांबलचक आहे. नितेश नको, अपेक्षा नको, इरशादचं नाव भांड्यांच्या यादीत आहे म्हणून तोही नको, शिवाला बोलावणार नाही. अहमदभाईंना काही नको होतं, ते एक झाले. कायद्याला दोन लागतात. इरशादने आणखी कोणी आहे का विचारलं, तर जितेश म्हणाला, "बघतो," आणि मोटारसायकल काढून गेला. त्याला पाने मिळायचे आहेत, त्यामुळे तो स्वतः चालत नाही. दुसऱ्या साक्षीची जागा मोकळी ठेवली आहे.

वरचं सगळं मी वाचलं, ते माझंच आहे. दोन्ही साक्षीदारांच्या समोर सही करत आहे.

ठिकाण : रोहा
दिनांक : १५ नोव्हेंबर २०२५

(सही) हौसा कमळाकर साळवी

साक्षीदार पहिला : (सही) अहमद, शेजारी, रोहा. हौसाबहेनने माझ्यासमोर सही केली.

साक्षीदार दुसरा : मी सुवार्ता, राहणार रामवाडी, पेण, हौसाताईची धाकटी बहीण. जितेशच्या गाडीवर बसून आले. ताईने माझ्यासमोर सही केली. कलम सहा मी स्वतः वाचलं. साक्षीदाराला काही मिळत नाही आणि माझा भाग चर्चला जाईल, हे इरशादने मला दोनदा समजावलं. पेणच्या माणसांना काय सांगायचं ते माझं मी बघेन. मी पेन उचलल्यावर ताईने "नको करू गो" म्हणून माझा हात धरला. तो सोडवून सही केली आहे.

(सही) सुवार्ता