बारा मीटर खालचा दगड

अण्णा, आज इथं बहरीनला, सखीरच्या वाळवंटात बोअर मारत होतो. आधी वाळू, मग पिवळट माती आणि मग तो पांढरा दगड, लाटण्याच्या तुकड्यासारखा गोल. हातात घेतला आणि तुमची हिरवी बॅग आठवली. इथूनच सुट्टीवर आला होतात. साबण, सरबताची पावडर, खजूर (खजुरावरून आई आणि काकू भांडल्या, ते असो) आणि सगळ्यात खाली टॉवेलात गुंडाळलेला तो. "पृथ्वीच्या गाभ्यातला आहे. मी स्वतः काढलाय." आपल्याकडे सगळा काळा कातळ, असा दगड पाहिलावता कुणी? अख्ख्या वाडीनं विश्वास ठेवला, मी तर ठेवलाच.

शाळेत नेला. गुरुजी म्हणाले, "गाभा हजारो किलोमीटर खाली. तिथं लोखंडसुद्धा वितळलेलं. ही चुनखडी, पार वरच्या कवचातली." वर्ग हसला. मी गुरुजींना खोटारडे म्हटलं. "वडलांना विचार, मग वर्गात बस," म्हणाले. शुक्रवारी तुमचा फोन आला. आई भाकरी थापतेय, मी चुलीपाशी उभा राहून विचारतोय. तुम्ही उलट विचारलंत, "त्या मास्तरानं बहरीन बघितलंय का?" झालं. मी परत त्या वर्गात गेलो नाही. मग गोवा, सुरत, चार महिने एका बोटीवर, आणि आता इथं, तुमच्याच कंपनीत.

रिगवरचे चाचा रत्नागिरीचे, तुमच्या वेळचे. त्यांना विचारलं, किती खालचा? "बारा मीटर. खलास." म्हटलं, माझ्या वडलांनी गाभ्यातून काढलावता. चाचांचं हेल्मेट पडलं हसताना. "अरे, तुझा बाप पाण्याचा टँकर चालवायचा! माझ्या फेकायच्या पेटीतनं उचललान तो!" वर म्हणाले, हे अख्खं बेट इराणकडे सरकतंय, नखं वाढतात त्या वेगानं. तुम्ही म्हणायचात, इथली जमीन जागची हलत नाही. एवढं एक तरी खरं निघायचं होतं. तुम्हाला जाऊन सात वर्षं झाली, भांडायला समोर कुणी नाही, म्हणून हे लिहितोय. त्या शुक्रवारी फोनवर एक वाक्य खरं बोलला असतात, तर मी सोमवारी वर्गात असतो. ते मी विसरणार नाही.

मघाशी भाचीला व्हिडिओ कॉलवर दगड दाखवला. "मामा, किती खालचा?" खरं सांगितलं, बारा मीटर. "एवढंच?" म्हणाली आणि फोन ताईकडे टाकून पळाली. मग पुन्हा फोन लावून तिला बोलावलं. म्हटलं, "अगं, चुकलो. बाराशे."